हलक्या रेल्वेला रस्ता कोण देणार?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी ज्या गावी जाऊन थांबली, त्या ठाण्याला स्वतःची शहरांतर्गत रेल्वे मिळण्यास पावणेदोनशे वर्षे लागत आहेत. १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे भूमिपूजन झाले. २९ किलोमीटर लांबी, २२ स्थानके, सुमारे १२,२०० कोटी रुपये खर्च आणि २०२९ साली मार्ग सुरू करण्याचे उद्दिष्ट, असे या योजनेचे स्वरूप आहे. एका अंगाला उल्हास नदी आणि दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्यामध्ये लांबट पसरलेल्या या शहराचे जुने गावठाण, वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, मानपाडा, वाघबीळ, कोलशेत, बाळकूम आणि राबोडी हे भाग एका साखळीत ओवले जावेत, अशी ही कल्पना आहे. तिचे स्वागत ठाणेकरांनी केले यात नवल नाही. परंतु या योजनेने अंतिम रूप धारण करण्यापूर्वी जी वळणे घेतली, ती पाहिली असता महाराष्ट्रातील सर्वच वाढत्या शहरांपुढील एका मूलभूत प्रश्नाला ठाण्यानेही बगल दिली, असे म्हणावे लागते.

राज्य सरकारने २०१९ साली या मार्गाला मंजुरी दिली, तेव्हा त्याचा खर्च तेरा हजार कोटींच्या घरात होता. एवढ्या खर्चाची मेट्रो या मार्गाला झेपेल काय, अशी शंका केंद्राने घेतली व हलक्या रेल्वेचा विचार करण्यास सुचविले. त्यानुसार २०२१ साली महापालिकेने हलक्या रेल्वेचा आराखडा स्वीकारला. त्याचा अंदाजित खर्च होता सात हजार कोटींच्या आसपास. पुढे पुन्हा चक्र फिरले, हलकी रेल्वे मागे पडली आणि मेट्रो परत आली. किलोमीटरमागे अडीचशे कोटींच्या आत होणारे काम अखेर चारशे वीस कोटींच्या घरात गेले. पाच वर्षांत एकाच मार्गाने जड, हलके आणि पुन्हा जड अशी तीन रूपे घ्यावीत, याचे खापर केवळ अधिकाऱ्यांच्या धरसोडीवर फोडून चालणार नाही. हलकी रेल्वे आपल्या शहरांना हवीशी वाटते; पण तिच्यासाठी जी किंमत मोजावी लागते, ती मोजण्यास कोणी तयार नसते. ही किंमत रुपयांत मोजली जात नाही. ती रस्त्याच्या रुंदीत मोजली जाते.

स्वस्ताईचे मर्म

हलकी रेल्वे म्हणजे लहान मेट्रो, अशी एक समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. हलक्या रेल्वेचे डबे कमी असतात, वजन कमी असते, वळणे आखूड घेता येतात, हे खरे. परंतु तिच्या स्वस्ताईचा मोठा भाग गाडीत नसून ती धावते त्या जागेत असतो. जमिनीखाली खोदलेल्या मार्गाचा खर्च सर्वांत अधिक, खांबांवर उचललेल्या मार्गाचा त्याहून कमी आणि जमिनीवरून जाणाऱ्या मार्गाचा सर्वांत कमी, हा क्रम जगात सर्वत्र सारखाच आहे. मुंबईत कुलाब्यापासून सीप्झपर्यंत गेलेल्या साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला सदतीस हजार कोटींहून अधिक, म्हणजे किलोमीटरमागे अकराशे कोटी रुपये लागले, ते या क्रमाला धरूनच होते. हलकी रेल्वे जमिनीवर उतरते, रस्त्याचा एक पट्टा आपल्याकडे घेते, फलाट पदपथाच्या उंचीला आणते, जिने आणि सरकते जिने यांना फाटा देते, आणि म्हणून ती स्वस्त पडते.

केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये 'मेट्रोलाइट' नावाने हलक्या रेल्वेची जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत ही गोष्ट पुरेशी स्पष्ट होती. गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला पंधरा हजारांपर्यंत प्रवासी असतील, अशा मार्गांसाठी ही व्यवस्था सुचविली होती. मार्ग शक्यतो जमिनीवर असावा, त्याला कुंपण घालून तो इतर वाहनांपासून वेगळा ठेवावा, आणि जागा नसेल तेथेच तो उचलावा, अशी तिची घडण होती. त्यापाठोपाठ नोव्हेंबर २०२० मध्ये रबरी चाकांच्या 'मेट्रो निओ'ची मानके आली. ती तासाला आठ हजारांपर्यंतच्या प्रवाशांसाठी होती. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्र्यांनी मध्यम शहरांसाठी आणि महानगरांच्या कडेच्या भागांसाठी या दोन्ही प्रकारांचा पुरस्कार केला आणि नाशिकच्या प्रकल्पासाठी २,०९२ कोटी रुपयांची तरतूदही जाहीर केली. मात्र २०२५ साल सरत आले तरी देशात या दोन्ही प्रकारांतील एकही मार्ग प्रवाशांसाठी खुला झालेला नव्हता. ज्या व्यवस्थेचे तंत्र जगात अनेक दशके रुळलेले आहे आणि जिचा खर्च नेहमीच्या मेट्रोच्या निम्म्याहून कमी सांगितला जातो, ती कागदावरून रस्त्यावर येत नाही, याचे कारण तंत्रात शोधून सापडणार नाही.

मँचेस्टरने काय केले?

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. या शहराची मुख्य रेल्वे स्थानके दोन टोकांना: व्हिक्टोरिया उत्तरेस, पिकॅडिली दक्षिणेस. उत्तरेच्या उपनगरांतून येणारी गाडी एका स्थानकावर थांबे, दक्षिणेची दुसऱ्या. मधले अंतर प्रवाशाने पायी किंवा बसने कापावे. १९७० च्या दशकात ही दोन स्थानके भुयाराने जोडण्याची योजना आखली गेली. परंतु पैशाअभावी ती बासनात गेली. तेव्हा शहराने दुसरा विचार केला. उत्तरेचा बरी आणि दक्षिणेचा आल्ट्रिंगहॅम हे उपनगरी रेल्वेमार्ग हलक्या रेल्वेसाठी घेतले गेले आणि मधल्या भागात, भर बाजारपेठेतून, रस्त्यावर रूळ टाकून ते जोडले गेले. १९४९ साली ज्या शहराने आपली शेवटची ट्राम निरोप देऊन बंद केली होती, त्याच शहराच्या रस्त्यांवर १९९२ साली, त्रेचाळीस वर्षांनी, ट्राम परतली. सुमारे एकतीस किलोमीटरचा तो पहिला मार्ग होता.

पुढचा प्रवास सुखाचा झाला असे नाही. विस्ताराची मोठी योजना २००४ साली लंडनच्या सरकारने खर्च वाढल्याचे सांगून रोखली. शहरात येणाऱ्या मोटारींवर कर बसवून त्या बळावर सार्वजनिक वाहतूक वाढवावी, या प्रस्तावावर डिसेंबर २००८ मध्ये जनमत घेतले गेले, तेव्हा सुमारे ७९ टक्के मतदारांनी तो फेटाळला. असा स्पष्ट कौल मिळाल्यावर आपल्याकडे योजनेवर पडदा पडला असता. मँचेस्टर परिसरातील दहा स्थानिक परिषदांनी मात्र २००९ साली दीड अब्ज पौंडांचा संयुक्त निधी उभारण्याचे ठरविले आणि विस्तार सुरू ठेवला. २०११ ते २०१४ या काळात डिड्सबरी, रॉचडेल, ॲश्टन आणि विमानतळ या दिशांना मार्ग गेले. शहराच्या मध्यातून दुसरा रस्ता २०१७ साली रुळांसाठी मोकळा करण्यात आला. आज हे जाळे सुमारे शंभर किलोमीटरचे असून त्यावर ९९ थांबे आहेत. मोटारींवरील कर नाकारणाऱ्या नागरिकांनी रस्त्यावर रूळ मात्र स्वीकारले, कारण रुळांवरून येणारी गाडी त्यांच्या दाराशी येत होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपला उलटा प्रवास

आपल्याकडे रुळांचा इतिहास याच्या विरुद्ध दिशेने गेला. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावून हा अध्याय संपला. रस्त्यात अडथळा होतो, गती मंद आहे, अशी कारणे तेव्हा दिली गेली. कलकत्त्याने ट्राम राखली खरी. पण तेथेही कालांतराने ट्रामच्या स्वतंत्र मार्गिका मोटारींना खुल्या झाल्या, मोटारींच्या गर्दीत ट्राम अडकू लागली आणि मग ट्राम मंद आहे म्हणून तिला दोष देणे सोपे झाले. १९०२ पासून विजेवर धावणारी ही सेवा एक वारसा-मार्ग वगळून बंद करण्याची भूमिका २०२४ साली तेथील सरकारने जाहीर केली. आधी जागा काढून घ्यायची, त्यामुळे गती मंदावू द्यायची आणि त्या मंदगतीचा ठपका ठेवून सेवाच मोडीत काढायची, असा हा क्रम आहे.

पुण्यातील जलद बसमार्गाची कथा याहून वेगळी नाही. कात्रज, स्वारगेट आणि हडपसर यांना जोडणारा देशातील पहिला असा मार्ग डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला. बससाठी रस्त्याच्या मध्यभागी राखीव मार्गिका ठेवणे, हा त्याचा प्राण होता. परंतु दुचाकी आणि मोटारी त्या मार्गिकेत शिरत राहिल्या, त्यांना रोखण्याची इच्छाशक्ती टिकली नाही आणि पुढे ठिकठिकाणी मार्गिकाच उखडल्या गेल्या. लोकांना बस नको होती, असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. रस्त्याचा वाटा मोटारीकडून काढून बसला देण्याची वेळ आली, तेव्हा शासनाने माघार घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

अंकगणित पाहिले तर हा वाटा मागण्यात अन्याय काहीच नाही. अडथळा नसलेल्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला फार तर दोन हजार मोटारी जाऊ शकतात. चौकाचौकांत सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर त्याच्या निम्म्याही कठीण. मोटारीत सरासरीने दीड माणूस धरला, तरी मार्गिकेवरून जाणारे प्रवासी दीड हजारांच्या वर जात नाहीत. त्याच जागेतून तीनशे प्रवाशांची गाडी दर दोन मिनिटांनी सोडली, तर तासाला नऊ हजार लोक जातात. तरीही निर्णय मोटारीच्या बाजूने होतो. कारण मोटारीत बसणाऱ्याचा आवाज मंत्रालयात पोहोचतो आणि बसच्या रांगेत उभ्या असलेल्याचा पोहोचत नाही.

मोनोरेलचा धडा

रस्ता द्यायचा नाही आणि स्वस्त व्यवस्था तर हवी, या पेचातून मुंबईने काढलेला मार्ग म्हणजे मोनोरेल. चेंबूर ते वडाळा हा तिचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये, तर वडाळा ते संत गाडगे महाराज चौक हा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. सुमारे वीस किलोमीटरचा हा मार्ग खांबांवर आहे. रस्त्यावरील मोटारींना त्याचा उपद्रव नाही. परंतु तो जेथून निघतो आणि जेथे पोहोचतो, तेथे जाणाऱ्या माणसांचा विचार आखणीत दुय्यम राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकात गाडीला आग लागल्यावर सेवा दहा महिने बंद होती. सुटे भाग मिळेनात, गाड्या अपुऱ्या पडल्या, कंत्राटदार बदलला. वर्षानुवर्षे ही गाडी जवळजवळ रिकामी धावत राहिली.

आणि मग १९ ऑगस्ट २०२५ चा दिवस आला. अतिवृष्टीने हार्बर मार्गाच्या लोकल बंद पडल्या आणि अडकलेले प्रवासी मोनोरेलकडे वळले. एका गाडीचे वजन १०४ टनांच्या मर्यादेऐवजी १०९ टनांवर गेले, वीजपुरवठ्याचा संपर्क तुटला आणि पाचशेहून अधिक माणसे उंचावर, वातानुकूलन बंद पडलेल्या डब्यांत अडकली. अग्निशमन दलाने त्यांना सोडविले. पुढच्याच महिन्यात, २० सप्टेंबरपासून, सुधारणेसाठी संपूर्ण सेवा बंद ठेवण्यात आली. जी गाडी एरवी रिकामी, ती गरजेच्या दिवशी पाच टनांच्या भाराने कोलमडते, यात केवळ यंत्राचा दोष नाही. जमिनीवरून धावणारी गाडी बंद पडली तर प्रवासी दार उघडून रस्त्यावर उतरतो. खांबांवरच्या गाडीत त्याला शिडीची वाट पाहावी लागते. रस्ता मोटारींसाठी मोकळा ठेवण्याची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविली गेली नव्हती.

ठाण्यापुढील प्रश्न

या पार्श्वभूमीवर ठाण्याचा निर्णय तपासला पाहिजे. मेट्रोच्या बाजूचे युक्तिवाद टाकाऊ नाहीत. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांवर असलेली लोकसंख्या त्यानंतर घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झपाट्याने वाढली आहे. हा रस्ता केवळ शहराचा नाही. न्हावा-शेवा बंदर आणि गुजरात यांच्यामधील अवजड वाहनेही त्यावरून जातात. गावठाणातील रस्ते अरुंद आहेत. पावसाळ्यात पाणी तुंबते. २०२९ साली या मार्गावर दररोज ६ लाख ४७ हजार प्रवासी असतील, हा सरकारी अंदाज खरा ठरला, तर हलकी गाडी अपुरी पडू शकेल. अशा ठिकाणी सर्वत्र रूळ जमिनीवर टाकावेत, असा आग्रह धरणे हटवादीपणाचे होईल.

परंतु अंदाज खरा ठरेल काय, हाच कळीचा मुद्दा आहे. संसदेच्या गृहनिर्माण व नगरविकास स्थायी समितीने २०२२ साली देशातील बहुतेक मेट्रोंची प्रवासीसंख्या खर्च भरून काढण्याइतकीही नसल्याकडे लक्ष वेधले होते. मोठा अंदाज मोठ्या खर्चाला आधार देतो आणि मोठा खर्च मंजूर झाल्यावर अंदाजाची आठवण कोणी ठेवत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने सर्व पर्यायांची तुलना करणे, स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोय आखणे आणि प्रत्येक शहरासाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरण नेमणे यांवर भर दिला, तो याच कारणाने. ठाण्यात लोकल मध्य रेल्वेच्या ताब्यात, परिवहनाच्या बस महापालिकेच्या, वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आणि वर्तुळाकार मेट्रो महामेट्रोची, अशी वाटणी आहे. वडाळ्याहून येणाऱ्या त्या मेट्रोचे एकही स्थानक ठाणे रेल्वे स्थानकाला लागून नाही. ही उणीव वर्तुळाकार मार्गाने भरून निघावी, अशी अपेक्षा आहे. पहिला मार्ग आखताना जो विचार व्हायला हवा होता, तो दुसऱ्या मार्गावर बारा हजार कोटी खर्चून करावा लागत आहे.

मार्गाच्या २९ किलोमीटरपैकी २६ किलोमीटर खांबांवर असतील. म्हणजे खालचा रस्ता आहे तसाच राहील, किंबहुना खांबांनी अधिक अरुंद होईल. त्या रस्त्यावर पदपथ कोणाच्या ताब्यात असतील, फेरीवाले कोठे बसतील, रिक्षा कोठे थांबतील, परिवहनाची बस स्थानकाच्या पायथ्याशी येईल की दोन चौक पलीकडे, या प्रश्नांची उत्तरे मेट्रोच्या आराखड्यात मिळत नाहीत. कोलशेतच्या वसाहतीतील गृहिणी किंवा वागळे इस्टेटमधील कामगार ज्या दहा मिनिटांच्या पायपिटीवरून मेट्रोने जायचे की रिक्षाने हे ठरविणार आहे, ती पायपीट कोणाच्याच कार्यकक्षेत येत नाही. मेट्रो घेतल्यामुळे ठाण्याची रस्त्याच्या वाटपातून सुटका झाली, असे जर कोणी मानत असेल, तर तो भ्रम आहे. तो प्रश्न फक्त खांबांच्या सावलीत ढकलला गेला आहे.

निर्णयाचे धैर्य

ठाण्याचा मार्ग ठरून गेला आहे आणि तो आता पुन्हा बदलण्यात शहाणपण नाही. चौथ्यांदा रूप पालटण्याने फक्त वर्षे आणि पैसा वाया जाईल. जे करता येण्यासारखे आहे ते असे, की मार्ग सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक स्थानकाभोवतीचा अर्धा किलोमीटर पादचाऱ्यांना आणि बसला राखून द्यावा, तेथील रस्त्यावर मोटारी उभ्या करण्यास मज्जाव करावा, आणि लोकल, बस व दोन्ही मेट्रो यांचे तिकीट एक करावे. यांपैकी कशालाही हजारो कोटी लागत नाहीत. लागतो तो चार मोटारवाल्यांची नाराजी पत्करण्याचा निश्चय.

खरा विचार करावयाचा आहे तो ज्यांचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे, अशा शहरांनी. नाशिकला २०२१ साली तरतूद जाहीर होऊनही रबरी चाकांची मेट्रो उभी राहिली नाही, आणि तिची कल्पनाही प्रामुख्याने खांबांवरचीच होती. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहील. या शहरांचे काही रस्ते अजून रुंद करता येण्यासारखे आहेत, उपनगरे अजून आकार घेत आहेत आणि रुळांसाठी पट्टा राखून ठेवणे आज कागदावरील एका रेषेने शक्य आहे. पंधरा वर्षांनी त्याच रेषेसाठी इमारती पाडाव्या लागतील किंवा खांब उभारावे लागतील. विकास आराखड्यात असा पट्टा दाखविणे आणि तो दाखविल्यावर बिल्डरांच्या व नगरसेवकांच्या दडपणाखाली न पुसणे, एवढे जरी या महापालिकांनी केले, तरी पुढच्या पिढीवर त्यांचे उपकार होतील.

शहर आणि उपनगर यांना जोडणारी रेल्वे ही अखेर अभियंत्यांनी सोडविण्याची समस्या असते, असे मानण्याची सवय राज्यकर्त्यांना सोयीची आहे. डबे किती, विजेचा दाब किती, खांबांमधील अंतर किती, हे अभियंते उत्तम रीतीने ठरवू शकतात. सार्वजनिक रस्ता किती जणांचा आणि कोणाचा, हे मात्र लोकांनी निवडून दिलेल्यांनीच ठरवावे लागते. मँचेस्टरने ते १९९२ साली ठरविले. मुंबईने १९६४ साली नेमका उलटा निर्णय घेतला आणि त्याचे व्याज ती आजही फेडत आहे. ज्या शहरांना असे कर्ज अजून काढावे लागलेले नाही, त्यांनी ते काढण्यापूर्वी या दोन वर्षांकडे नीट पाहावे, हे बरे.